सूर्यास्ताच्या फोटोत सूर्य पांढरा का येतो? (आणि वेताळ टेकडीवरची एक फसलेली संध्याकाळ)

तिरफळ

मंडळी, तीन वर्षं इथे नुसती वाचत असते. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही पाच जण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो होतो. कॉलेजपासूनचा कंपू. आता सगळे चाळिशी ओलांडून गुडघ्यांवर बोलायला लागलेत, म्हणून 'ट्रेक' शब्द टाळून 'निसर्गभ्रमण' असं भारदस्त नाव दिलं. बेत असा की साडेचारला कांचन गल्लीकडून चढायचं, झाडं-पक्षी बघत रमतगमत खाणीपर्यंत जायचं आणि सव्वासहाला सूर्यास्ताचे फोटो काढायचे. मी नवऱ्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा उचलला. मन्याने ट्रायपॉड आणला, त्याच्या एका पायाचा स्क्रू सैल होता, म्हणून तो पाय हेअरबँडने बांधला. बाकी तिघांकडे मोबाईल आणि मटार करंज्या.

चालणं झकास झालं. गवत पार वाळलेलं, पायमोज्यांत इतकी कुसळं की घरी आल्यावर मोजे धुवायचे की टाकायचे यावर घरात चर्चा झाली. खाणीजवळ मोर दिसला, सुभगाची जोडी दिसली (मी चिमणी म्हणाले होते, पण ते जाऊ दे).

पुढे मात्र सगळं फसलं. सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच एका राखाडी पट्ट्यात शिरला आणि सहा-पाचलाच दिसेनासा झाला. त्याआधीचे जे चाळीसेक फोटो आहेत त्यांत सूर्य म्हणजे पांढरा ठिपका, खाली काळंकुट्ट, मध्ये फिकट पिवळं काहीतरी. डोळ्यांना तर मस्त केशरी दिसत होता! एका फोटोत मन्याचा अंगठा आहे, तोच काय तो नीट फोकसमध्ये.

तर प्रश्न: सूर्य पांढरा का येतो? आणि मला सिंहगडाच्या मनोऱ्यामागे मावळणारा सूर्य हवाय, त्यासाठी टेकडीवर नेमकं कुठे उभं राहायचं?

अर्धा_कप

फोटो टाका आधी. अंगठ्यासकट.

लेन्सवाला_बाळ्या

तिरफळ, कॅमेऱ्याचा दोष नाही. कॅमेरा ऑटोवर होता ना? तो सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. तुमच्या चौकटीत अर्धी जागा काळसर टेकडीने खाल्ली, म्हणून त्याला वाटलं अंधार आहे, उजेड वाढवा. वाढवला. सूर्य मुळातच इतका प्रखर की सेन्सरचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही हिशेब एकदम भरून वाहिले. तिन्ही भरले की उरतो पांढरा. त्या जागेवर रंगाची माहितीच नोंदलेली नसते, त्यामुळे नंतर कितीही खटपट केलीत तरी केशरी परत येत नाही.

उपाय सोपा. उजेड मोजताना सूर्याच्या शेजारचं आकाश धरा, सूर्य नको आणि जमीनही नको. एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या खाली ओढा. जमीन काळी झाली तर होऊ द्या, तिथे झाडाची, माणसाची आकृती ठेवा. मोबाईलवाल्यांनी आकाशावर बोट टेकवून तसंच दाबून धरायचं, कुलूप लागतं, मग ती सूर्याची खूण खाली सरकवायची.

दुसरं म्हणजे व्हाइट बॅलन्स. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा केशरी रंगाला चूक समजतो आणि इमानदारीत दुरुस्त करतो. 'उन्हाचा' पर्याय निवडून तिथेच ठेवा.

आणि कळकळीची विनंती: डीएसएलआरला लांब लेन्स लावून त्या भोकातून सूर्याकडे बघू नका. मावळतीचा सौम्य दिसला तरी नको. मागच्या पडद्यावर बघा.

तिरफळ

बाळ्याभाऊ, 'इमानदारीत दुरुस्त करतो' वाचून नवरा आठवला. धन्यवाद, हे नीट कळलं.

पण सूर्य एवढा बारीक का येतो? आम्हाला तर ताटाएवढा दिसत होता.

लेन्सवाला_बाळ्या

ताट मनात असतं. आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश, हात लांब करून करंगळी धरलीत तर निम्म्या करंगळीत झाकला जातो. लेन्सच्या फोकल लेंग्थला साधारण ११०ने भागा, सूर्य सेन्सरवर तेवढे मिलिमीटर येतो. ५० मिमीच्या लेन्सने अर्धा मिमीही नाही. ४०० मिमीने साडेतीन-पावणेचार मिमी. मोठा सूर्य हवा तर लांब लेन्स घ्या आणि लांबचंच झाड समोर धरा.

गणित_मास्तर

सिंहगडाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो. वेताळ टेकडीवरून सिंहगडामागे सूर्य कधीच मावळत नाही. कुठेही उभ्या राहा.

पुण्याच्या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साधारण पंचवीस-पंचवीस अंश सरकते. जूनमध्ये वायव्येच्या अंगाला, डिसेंबरात नैर्ऋत्येच्या अंगाला. टेकडीवरून सिंहगड जवळजवळ दक्षिणेला आहे, किंचित नैर्ऋत्येकडे झुकलेला. म्हणजे पश्चिमेपासून सत्तरेक अंश दूर. तिथे सूर्य मावळवायचा तर पृथ्वीचा आस आणखी वाकवावा लागेल.

तुम्हाला गडाच्या पूर्वेला जायला हवं. हिवाळ्यात कात्रजच्या डोंगरावरून पाहिलंत तर सूर्य गडाच्या आसपास उतरतो. तारीख पाच-दहा दिवसांनी हलली की जागाही हलते, म्हणून आधी नकाशावर रेघ मारून बघा.

उंडगा

कात्रज म्हटलं की आमच्या ग्रुपमधला कुणीतरी 'के टू एस (कात्रज ते सिंहगड, रात्रभर चालत) करूया' म्हणतोच. एकदा फसलोय. टेकड्या मोजायचं तेव्हापासून सोडून दिलं. पहाटे सिंहगडावर पोहोचलो तेव्हा सूर्योदय होता की सूर्यास्त तेही कळत नव्हतं. तिरफळताई, गुडघे सांभाळा.

रातकिडा

सगळे सूर्याच्या मागे लागलेत म्हणून जरा पायाखालचं लिहितो.

मी गेली बरीच वर्षं या टेकडीवर पक्षी बघतो. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी रातवा पायवाटेवर येऊन बसतो. वाळलेल्या पाचोळ्याचा तुकडा पडलाय असं वाटतं. तुम्ही फोटोतल्या पांढऱ्या ठिपक्याची चर्चा करत त्याच्यापासून चार हातांवरून जाता, तो शेवटच्या क्षणी पायाखालून आवाज न करता उडतो. त्याची हाक कळायला सोपी आहे: फरशीवर गोटी टाकली की ती टप्पे घेत घेत, टप्पे जवळजवळ येत थांबते ना, तशी. चक, चक, चक-चक-चकर्र.

हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. म्हणून 'इथून चांगला अँगल मिळेल' म्हणत पायवाट सोडून गवतात शिरू नका. आणि झाडांकडेही बघा. टेकडीवर निम्म्या ठिकाणी गिरिपुष्पच लावून ठेवलंय, परदेशातून आलेलं, त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. पण मधून मधून मेडशिंगी, सालई, हिवर टिकून आहेत. मेडशिंगीच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या असतात, नाव त्यावरूनच. हिवाळ्यात वाळून फांदीवर लटकत असतात. बाळ्याभाऊ म्हणतात तशी काळी आकृती हवी असेल तर मन्याच्या अंगठ्यापेक्षा त्या बऱ्या.

अर्धा_कप

हसून हसून पुरेवाट. मन्याला सदस्य करून घ्या कोणीतरी.

उडती_तबकडी

रातकिडा साहेब, लोकांनी टेकडीवर जायचंच नाही का मग? मी ड्रोन उडवतो, वरून सूर्यास्त काय दिसतो ते एकदा बघा. कोणाला त्रास होत नाही.

रातकिडा

जायचं की. मी रोज जातो.

ड्रोनचं म्हणाल तर सूर्यास्ताचीच वेळ अशी असते की पोपट, साळुंक्या, मोर सगळे रात्रीच्या झाडावर परतत असतात. मोर उंच फांदीवर चढून बसायला वीस-वीस मिनिटं घेतो, आधी मान वळवून इकडे बघणार, मग तिकडे. डोक्यावर ते गुणगुणं आलं की उतरून पळतो, आणि पुन्हा चढेपर्यंत अंधार. त्रास झाला की नाही हे तो इथे येऊन लिहिणार नाही. शिवाय ड्रोनला परवानगीचे नियम आहेत, ते पाळता का?

उडती_तबकडी

मोराचा मुद्दा मान्य. सकाळी उशिरा उडवीन. नियमांबद्दल तोंड बंद ठेवतो.

उकडीचा_मोदक

ड्रोन परवडला, पण ते प्रीवेडिंगवाले आवरा! मागच्या महिन्यात खाणीच्या काठावर एक जोडपं, मागे सूर्य, हातात धुराची रंगीत नळकांडी. पायाखाली वाळलेलं गवत, वारा सुटलेला. एक ठिणगी पडली असती तर टेकडीचा तो उतार गेला असता. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर वणवे लागतात, ते काय आकाशातून पडतात? मी बोलायला गेलो तर फोटोग्राफर म्हणतो, "काका, जरा फ्रेममधून बाजूला व्हा."

गोळीबंद

झालात का?

उकडीचा_मोदक

नाही झालो. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी आहे बहुतेक.

शब्दवेडी

अवांतर, पण राहवत नाही. लग्नाचा विषय निघालाच आहे तर 'गोरज मुहूर्त' बघा. गाई परतताना खुरांनी उडणारी धूळ म्हणजे गोरज, आणि ती हवेत तरंगत असतानाची वेळ. आपल्याकडे या अर्ध्या तासाला किती नावं आहेत: कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण, संधिप्रकाश. आणि प्रत्येकाची चव वेगळी. दिवेलागणीला घरात लगबग असते, कातरवेळी जीव उगाच उदास होतो. कॅमेरावाल्यांनी मात्र सगळ्याला मिळून 'गोल्डन अवर' म्हणून टाकलं.

देवगडी

आमच्याकडे येवा. धुरका नाही, डोंगर नाही, समोर नुसता समुद्र. हिवाळ्यात स्वच्छ संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकताना खालून चपटा होतो, मडक्यासारखा. एकदा टेकला की मोजून सव्वादोन-अडीच मिनिटांत गुडुप. मुंबईचे पाहुणे तेवढ्या वेळात सेल्फीसाठी केस सारखे करत असतात, वळून बघतात तर गेलेला.

गणित_मास्तर

देवगडी, चपटा होण्याचं कारण हवेतून उजेड वाकणं. क्षितिजाजवळ हवा सूर्याला साधारण अर्धा अंश, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढं, वर उचलून दाखवते. खालची कड जास्त उचलली जाते, वरची कमी, म्हणून मडकं. गंमत अशी की तुमच्या पाहुण्यांना सूर्य पाण्याला नुकताच टेकलेला दिसतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो.

देवगडी

म्हणजे आम्ही आयुष्यभर गेलेल्या माणसाला निरोप देत होतो तर.

तिरफळ

देवगडी, यायचं आहे, पण रविवार संध्याकाळी देवगडला जाऊन सोमवारी सकाळी ऑफिस गाठणं या जन्मी नाही. मला टेकडीवरच काहीतरी हवंय. तो राखाडी पट्टा काय होता? ढग तर नव्हते.

लेन्सवाला_बाळ्या

धुरका. हिवाळ्यात संध्याकाळी जमीन भराभर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. शहराचा धूर, बांधकामांची धूळ, कचरा जाळल्याचा धूर सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. तुम्ही टेकडीवरून पश्चिमेला बघता तेव्हा त्या थरातून आडवं कित्येक किलोमीटर बघत असता. म्हणून सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विझतो. ऑक्टोबरात, पाऊस नुकताच संपलेला असताना, किंवा वळवाची सर पडून गेल्यावर जा. हवा धुतलेली असते.

विदर्भवासी

एक फुकट सल्ला. आमच्याकडे लोणारच्या विवराच्या काठावर मी असाच तासभर सूर्याची वाट बघत बसलो होतो, सारखा ढगाआड जात होता. वैतागून खाली सरोवराकडे पाहिलं तर विवराच्या एका बाजूच्या कडेची सावली पाण्यावरून सरकत सरकत समोरच्या झाडीवर चढत होती. तो फोटो आजही भिंतीवर आहे. सूर्य त्यात नाहीच.

(लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, तेव्हा मात्र मी टाळेबंदीत घरी बसून होतो. माझं नशीब.)

करवीरनिवासी

सूर्यास्त आणि जागा यांचा मेळ म्हणाल तर आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत इमारती आणि धुरकं आलं की किरणं पोहोचत नाहीत, मग दुसऱ्या दिवशी गावभर तीच चर्चा. ज्या कोणी हे देऊळ बांधलं त्याला मोबाईलवर ॲप लागलं नव्हतं.

गणित_मास्तर

करवीरनिवासी, आणि या दोन तारखा बघा. ९ नोव्हेंबरपासून २२ डिसेंबर ४३ दिवस, तिथून २ फेब्रुवारी ४२ दिवस. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागेवर मावळतो, परत येताना त्याच जागेवर पुन्हा मावळतो. म्हणून उत्सव वर्षातून दोनदा. तिरफळताईंनी कात्रजचा बेत केला तर त्यांनाही वर्षात दोन संधी मिळतील, एक हुकली तरी चालेल.

एडिनबर्गचा_एकटा

तुम्ही लोक अडीच मिनिटांच्या गोष्टी करताय. इथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, तोही तिरका तिरका घसरत, आणि बारा वाजले तरी उत्तरेला उजेडाची रेघ असते. फोटो काढून कंटाळा येतो. याउलट डिसेंबरात पावणेचारलाच अंधार. दुपारच्या चहाला सूर्यास्त बघतो, एकटाच. तुमच्या मटार करंज्यांबद्दल वाचून पोटात कालवलं, तेवढं जरा सविस्तर लिहा.

अर्धा_कप

+१. करंजीत खोबरं होतं की नाही हा मूळ प्रश्न राहूनच गेला.

तिरफळ

होतं. आलं-मिरची जरा जास्त, लिंबू, कोथिंबीर. सूर्य बुडत असताना चौघांचे हात तुपकट होते, म्हणून चाळीसच फोटो निघाले.

खरंखोटं

मला एक कळत नाही. एवढे हिशेब करून वर घरी येऊन रंग वाढवायचे, केशरी ओतायचा. हे फोटो की चित्रं? आम्ही रीळ भरून काढायचो तेव्हा जे आलं ते आलं.

लेन्सवाला_बाळ्या

रिळातही कंपनीगणिक रंग वेगळे यायचे आणि छापणारा स्टुडिओवाला आपल्या अंदाजाने गडद-फिकट करायचा, फक्त आपल्याला सांगायचा नाही. कॅमेऱ्यातून येतो तो कच्चा माल. फोडणी न घालता आमटी वाढली तर ती जास्त खरी होते का?

खरंखोटं

फोडणी घाला हो. पण आमटीत रंग टाकून तिला बासुंदी म्हणू नका.

उंडगा

दोघांनाही जेवायला घाला कोणीतरी.

पौडफाट्याचा_पंत

टेकडीचा विषय आहे म्हणून. बालभारती–पौड फाटा रस्ता झाला तर हे सगळं बघायला टेकडी किती उरेल? २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो लोक मोर्चाला आले होते, त्यात मीही होतो.

उकडीचा_मोदक

पंत, मीही होतो. पण त्याला वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं की तिरफळताईंचा सूर्य खरंच बुडेल. आणि ज्यांना पौड रोडला रोज पाऊण तास अडकावं लागतं तेही येऊन बोलतील, ते ऐकायची तयारी ठेवा.

टेकडीवरची_आजी

मी कमी लिहिते. नातीने खातं काढून दिलंय.

मला सत्तरी उलटली. नव्वद सालापासून संध्याकाळी टेकडीवर जाते, आता रोज होत नाही. आमचा चार बायकांचा गट होता, आता दोघी उरलो. आम्ही कधी कॅमेरा नेला नाही. पण तुम्हा सगळ्यांचं वाचून हसू येतं, कारण तुम्ही सगळे एकाच बाजूला तोंड करून बसता.

आम्ही शहराकडे तोंड करून बसायचो. सूर्य पाठीशी. तो गेला की पाच-सात मिनिटांनी समोर, पूर्वेला, अगदी खाली एक निळसर जांभळी पट्टी येते आणि तिच्यावर गुलाबी. निळी हळूहळू वर चढते, गुलाबी पुढे ढकलली जाते. माझी मैत्रीण म्हणायची, "रात्र आली बघ, पदर सावरत." मग खाली एकेक दिवे लागायला लागतात. गुलाबी पुसट झालं की आम्ही उठायचो, तेवढ्या उजेडात उतरायला जमतं. धुरकं असलं तरी बहुतेक दिवशी दिसायचं, फिकं दिसायचं इतकंच.

उतरताना एकटीदुकटीने राहू नका, विजेरी ठेवा, आणि वनखात्याच्या पाटीवर वेळ लिहिली असेल ती पाळा.

गणित_मास्तर

आजी, नमस्कार. तुम्ही जे रोज बघत होतात ती पृथ्वीची सावली आहे. शब्दशः. सूर्य पश्चिमेला खाली गेला की आपल्याच पृथ्वीची सावली पूर्वेकडच्या हवेवर पडते, ती तुमची निळी जांभळी पट्टी. वरची गुलाबी म्हणजे मावळतीचा तांबडा उजेड आपल्या डोक्यावरून पलीकडे जाऊन तिथल्या हवेवर आणि धुळीवर आपटून परत येतो तो. सूर्य जसा खाली जातो तशी सावली वर चढते. मी हे तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. बघायला मात्र एकदाही पाठ फिरवली नव्हती.

लेन्सवाला_बाळ्या

मीही नाही. चाळीस हजारांची लेन्स घेऊन पश्चिमेकडेच.

रातकिडा

आजी, बहुतेक मी तुम्हाला बघितलंय. पत्र्याचा डबा असायचा का सोबत?

टेकडीवरची_आजी

स्टीलचा. चिवडा असायचा. दुर्बीण गळ्यात घालून धडपडणारा तूच का? एकदा आमच्याकडून पाणी मागून घेतलं होतंस.

रातकिडा

मीच.

गणित_मास्तर

तिरफळताई, आजींच्या बाजूला अजून एक भर घाला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधी साधारण पाऊण तास उगवतो. म्हणजे सूर्य जाईपर्यंत तो पूर्वेला हातभर वर आलेला असेल आणि ती गुलाबी पट्टी चढत चढत बरोबर त्याच्यापर्यंत पोहोचेल.

तिरफळ

धागा वर काढतेय. माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जाऊन आलो.

पाच जण जमणार होते, तिघे आले. मन्या आला, हेअरबँडसकट. ऑफिसातून अर्धा तास आधी निसटलो, चढताना या वेळी मोजे पँटवर ओढून घेतले. गिरिपुष्पाला फिकट गुलाबी फुलं आली होती, रातकिडादादांची माफी मागून सांगते की छान दिसत होती. मेडशिंगी सापडली. आधी तिघांनी तीन वेगवेगळ्या झाडांना मेडशिंगी म्हणून घेतलं, मग एक काका चालत आले, त्यांनी चौथं झाड दाखवलं. शेंगा खरंच शिंगासारख्या, हातभर लांब नाहीत पण चांगल्या पिळदार. आकाशावर उजेड मोजला, दोन पायऱ्या खाली ओढला, 'उन्हाचा' पर्याय ठेवला. मागे सूर्य केशरी, पुढे काळ्या शेंगा. आयुष्यातला पहिला फोटो जो मी कोणी न विचारता तीन ग्रुपांवर पाठवला.

मग सूर्य पट्ट्यात शिरला, याही वेळी क्षितिजाच्या वरच. आजूबाजूचे दहा-पंधरा जण लगेच उठून चालायला लागले. आम्ही पाठ फिरवली.

आधी काहीच दिसेना. चंद्र होता, फिका, कापसासारखा. मन्या म्हणाला, आजींना तेव्हा प्रदूषण कमी होतं. आणि मग, कधी ते कळलं नाही, खालच्या इमारतींच्या वर एक निळसर थर आला होता. डोळा लावून बघितलं तर हलत नाही, करंजी खाऊन परत बघितलं तर वर चढलेला. गुलाबी त्याच्यावर, चंद्र गुलाबीत. सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला दिवे लागले. मन्या दहा मिनिटं गप्प होता, ही नोंद मुद्दाम करतेय.

उतरताना विजेरीच्या उजेडात पायवाटेवर दोन लाल ठिणग्या चमकल्या. दादा, रातवा. आम्ही थांबलो, विजेरी खाली केली. तो उडाला तेव्हा खरंच आवाज नाही आला.

आता अडचण. चंद्राचे वीस फोटो काढले. सगळ्यांत चंद्र पांढरा ठिपका आलाय.

लेन्सवाला_बाळ्या

तेच ते! संधिप्रकाशाचा उजेड मोजलात म्हणून चंद्र भरून वाहिला. त्याच्यावर उन्हातल्या दगडाएवढा उजेड असतो, त्याचा वेगळा फोटो काढायचा.

गोळीबंद

चंद्र पांढराच असतो हो.